मुलगी इंग्रजी वाचते, लिहिते, पण बोलायचं म्हटलं की गप्प. गोष्टी वाचून तोंड उघडतं का?

दांडियाबाजार | ११ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मुलगी इथल्याच, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झाली. येत्या सप्टेंबरला आयर्लंडला एम.एस्सी.साठी जायचं घाटतंय. तिकडच्या कॉलेजची अट अशी, आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण साडेसहा गुण हवेत आणि कुठल्याच भागात सहाच्या खाली नको. डिसेंबरअखेर परीक्षा दिली. रीडिंग साडेसात, लिसनिंग सात, रायटिंग साडेसहा आणि स्पीकिंग साडेपाच. एकूण साडेसहा झाले, पण त्या एका साडेपाचाने गाडी अडवली.

घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळा इंग्रजी माध्यमाची. तरी असं. समोर माणूस बसला की हिला घाम फुटतो. परीक्षकाने म्हणे कार्ड दिलं, नुकत्याच केलेल्या एखाद्या प्रवासाबद्दल सांग. हिने सांगितलं, 'वुई वेंट टू पावागढ. इट वॉज व्हेरी नाइस.' संपलं. बोलायचं होतं दोन मिनिटं, ही वीस सेकंदांत पावागढ चढून उतरली.

अलकापुरीतल्या क्लासवाल्यांनी आणखी तीन महिन्यांचा कोर्स सांगितलाय. माझे साडू म्हणतात क्लास सोडा, रोज एक इंग्रजी लघुकथा वाचायला लावा, आपोआप जीभ सुटेल. माझं स्वतःचं इंग्रजी पंप आणि मोटरच्या मॅन्युअलपुरतं (मकरपुरा जीआयडीसीत मेंटेनन्सला आहे), त्यामुळे मला यातलं कळत नाही. खरंच गोष्टी वाचून बोलता येतं का? की पैसे भरून मोकळं व्हावं?

विश्वामित्रीची_मगर | ११ जानेवारी, रात्री ११:०२

वीस सेकंदांत पावागढ! रोपवेसुद्धा एवढ्या वेळात पोचवत नाही. दिवे घ्या, काका.

हरणी_रोड | ११ जानेवारी, रात्री ११:३०

साडूंचा सल्ला साडूंनाच परत करा.

मी स्वतः दोनदा दिलीय ही परीक्षा, आणि वर्षभर एका क्लासमध्ये शिकवलंयही. परीक्षेला परीक्षेसारखंच भिडावं लागतं. स्पीकिंग अकरा ते चौदा मिनिटांचं असतं. आधी घर, गाव, अभ्यास यांवर साधे प्रश्न. मग कार्ड, एक मिनिट तयारीला आणि दोन मिनिटांपर्यंत एकटीने बोलायचं. शेवटी त्याच विषयावर पण जरा वरच्या पातळीचे प्रश्न, म्हणजे प्रवासाचं कार्ड असेल तर 'पर्यटनाने गावाचं भलं होतं की नुकसान?' गुण चार गोष्टींना: न अडखळता सलग बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. गोष्टी वाचून फार तर शब्द वाढतील, म्हणजे चारातला एक. रीडिंगला साडेसात आहेत म्हणजे शब्द आहेतच तिच्याकडे. तिला हवंय कार्डांमागून कार्डं बोलणं, घड्याळ लावून.

एक महत्त्वाचं: परीक्षा कॉम्प्युटरवर दिली असेल तर एकच भाग परत देता येतो. मूळ परीक्षेपासून साठ दिवसांच्या आत. चारही परत द्यायची गरज नाही. पण आयर्लंडचं कॉलेज असा निकाल धरतं का, ते ईमेल करून आधी विचारा. सगळी धरत नाहीत.

दांडियाबाजार | ११ जानेवारी, रात्री ११:४५

हे क्लासवाल्यांनी सांगितलंच नाही! कॉम्प्युटरवरच दिली होती. उद्याच मेल करायला सांगतो. फार उपकार झाले.

विश्वामित्रीची_मगर | ११ जानेवारी, रात्री ११:४८

एक भाग परत देता येतो असं सांगितलं तर तीन महिन्यांचा कोर्स कोण घेणार?

मास्तर_निवृत्त | १२ जानेवारी, सकाळी ६:१५

चौतीस वर्षं गुजराती माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्या हक्काने लांबण लावतो.

साडूही अर्धे बरोबर आणि हरणी रोडही अर्धे बरोबर. नुसतं वाचून बोलता येत नाही. आमच्या पिढीने तर्खडकरी इंग्रजी घोकलं, मोठमोठी पत्रं लिहिली, आणि पहिला साहेब समोर आला तेव्हा 'येस सर'च्या पुढे काही निघालं नाही. वाचल्याने शब्द डोळ्यांत बसतो. तोंडाला त्याची सवय वेगळी करावी लागते.

पण गोष्ट वाचून ती दुसऱ्याला सांगितली तर? इथे सगळा फरक पडतो. शिकवण्याची एक जुनी रीत आहे, चार-तीन-दोन नावाची. तीच गोष्ट आधी एकाला चार मिनिटांत सांगायची. मग दुसऱ्याला तीन मिनिटांत. मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. प्रत्येक वेळी ऐकणारा नवा हवा, नाहीतर सांगणाऱ्याला 'हे तर सांगून झालं' असं वाटून तो गाळत जातो. होतं काय, की काय बोलायचं हा प्रश्न पहिल्या खेपेलाच सुटतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला डोकं फक्त कसं बोलायचं याकडे लागतं. आणि वेळ कमी होत गेला की मनातल्या मनात मराठीवरून इंग्रजी करत बसायला सवडच राहत नाही. न्यूझीलंडचे पॉल नेशन म्हणून भाषाशिक्षणातले मोठे अभ्यासक आहेत, त्यांनी ही रीत बरीच पसरवली. मी वर्गात बाकांच्या जोड्या फिरवून करायचो. मुख्याध्यापक येऊन विचारायचे, हा बाजार कसला भरलाय?

आता गोष्टी कोणत्या. लोक हटकून ओ. हेन्रीपासून सुरू करतात. शंभर वर्षांपूर्वीचं अमेरिकन इंग्रजी, वळणावळणाची वाक्यं, आणि सगळी मजा शेवटच्या कलाटणीत. शब्दकोश घेऊन तिथपर्यंत पोचेस्तोवर कलाटणी शिळी झालेली असते. नेशन यांचाच दंडक आहे: शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असतील तर वाचन आपसूक सरकतं. शिकणाऱ्यांसाठी मोजक्या शब्दांत लिहिलेली पातळीवार पुस्तकं मिळतात, ती घ्या. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत लहान मुलांच्या कपाटातली घेतलीत तरी चालेल. लाजू नका. तिथे कुणी बघत नाही.

आणि सगळ्यात सोपं सांगू? पहिली गोष्ट वाचूच नका. जी तोंडपाठ आहे ती सांगा. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं.

विश्वामित्रीची_मगर | १२ जानेवारी, सकाळी ९:२०

परीक्षकासमोर? 'सर, द क्रो हॅड अ हाउस ऑफ काऊ डंग.' साडेपाचावरून थेट साडेचार.

मास्तर_निवृत्त | १२ जानेवारी, सकाळी ९:५०

हसा. पण नीट बघा. कावळा भिजत दार ठोठावतोय आणि चिऊ म्हणतेय, 'थांब, बाळाला आंघोळ घालतेय. थांब, बाळाला काजळ घालतेय. थांब, बाळाला झोपवतेय.' चालू वर्तमानकाळाचा एवढा सुंदर सराव कुठल्या व्याकरणाच्या पुस्तकात आहे? म्हातारी आणि भोपळा घ्या. 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग तू मला खा.' एकदा वाघाला, एकदा कोल्ह्याला. भविष्यकाळ पक्का. आणि परतीला भोपळ्यात बसून 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक', म्हणजे प्रवासवर्णनही आलं. आपल्या आज्यांनी काळ असे शिकवले, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

इंदूरी_पोहा | १२ जानेवारी, सकाळी १०:३०

टुणूक टुणूकचं इंग्रजी काय करणार मास्तर?

मास्तर_निवृत्त | १२ जानेवारी, सकाळी १०:३४

टुणूक टुणूक.

इंदूरी_पोहा | १२ जानेवारी, सकाळी १०:४०

मानलं भिया! तुम्हा बडोदेकरांचं बरं आहे, निदान मराठी तरी मराठीत बोलता. आमच्याकडे 'मी तुला बोललो होतो ना की नळ बंद करून दे' ही शुद्ध इंदुरी मराठी. इंग्रजी तर फार लांबचं स्टेशन.

हरणी_रोड | १२ जानेवारी, दुपारी १:१५

मास्तरांबद्दल आदर आहे, पण भोपळ्याने तिसरा भाग निघणार नाही. 'पर्यटनामुळे स्थानिक संस्कृती बदलते का' या प्रश्नाला म्हातारी काय उत्तर देणार? तिथे मत मांडायचं असतं, कारण द्यायचं असतं, उदाहरण द्यायचं असतं. ते शिकवावं लागतं. क्लासवाले लुटतात हे मान्य, पण सगळेच मूर्ख नाहीत.

नवापुरा_७१ | १२ जानेवारी, दुपारी २:००

क्लासचा विषय निघालाय तर सांगतो. भाच्याबरोबर एका क्लासच्या मॉक टेस्टला बसलो होतो (क्लासचं नाव नको). 'तुमच्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती' असं कार्ड. चौदा मुलं एकामागून एक आली. चौदाही जणांचे आजोबा निवृत्त फौजी, पहाटे चारला उठणारे, आणि चौदाही जणांना त्यांनी शिस्त शिकवलेली. माझ्या भाच्याचे आजोबा म्हणजे माझे वडील. त्यांनी आयुष्यभर रावपुऱ्यात घड्याळं दुरुस्त केली आणि नऊच्या आत कधी उठले नाहीत.

विश्वामित्रीची_मगर | १२ जानेवारी, दुपारी २:०५

चौदा फौजी! एक अख्खी तुकडी उभी राहील.

हरणी_रोड | १२ जानेवारी, दुपारी २:२०

हो, हे चालतं, आणि याचाच तोटा होतो. परीक्षकांना पाठांतर लगेच कळतं. सूरच बदलतो मुलांचा. मग ते मध्येच तोडून भलताच प्रश्न विचारतात आणि गाडी रुळावरून उतरते. घड्याळजी आजोबांबद्दल मोडकंतोडकं सांगितलं असतं तर जास्त गुण पडले असते. या एका मुद्द्यावर मी मास्तरांच्या बाजूने.

पोळीभाजीवाली | १२ जानेवारी, रात्री ९:३०

मी फतेगंजला डबे देते. मराठी माध्यमातून बारावी. विद्यापीठात बाहेरच्या देशांतली मुलं शिकायला येतात, त्यातले तिघे तांझानियाचे, दोन वर्षं माझ्याकडे डबा होता. माझं इंग्रजी तेव्हा 'टुडे भेंडी, टुमॉरो बटाटा'.

एकदा एकादशीला साबुदाण्याची खिचडी दिली. विचारायला लागले, हा कुठला भात? मी म्हटलं, 'इट इज नॉट राइस. इट इज फास्टिंग.' ते एकमेकांकडे बघायला लागले. मग तासभर बसून सांगितलं, उपवास म्हणजे काय, कोण करतं, आणि उपवासाला आपण रोजच्यापेक्षा जास्त का खातो. हा शेवटचा प्रश्न त्यांचा होता. उत्तर मला मराठीतही देता आलं नसतं.

पुढे सत्यनारायणाला बोलावलं, तर कथा इंग्रजीत सांगायची वेळ आली. साधुवाणी, त्याची होडी, प्रसाद न घेतल्याने बुडालेलं सामान. दीड वाक्यात अडकायचे, ते म्हणायचे, 'अँड देन? अँड देन?' त्या 'अँड देन'ने मला इंग्रजी शिकवलं. त्यांचीही ती घरची भाषा नव्हती, घरी स्वाहिली बोलायचे. त्यामुळे माझ्या चुकांना कुणी हसलं नाही.

हसणारे आपलेच असतात हो. माझा दीर अजून 'इट इज फास्टिंग' म्हणून चिडवतो. भाऊ, तुमच्या मुलीला पावागढचं इंग्रजी येत नसेल असं मला वाटत नाही. ऐकणारा पुढे काय झालं म्हणून थांबलाय असं तिला कधी वाटलं नसेल.

डब्लिनची_बडोदेकरीण | १३ जानेवारी, पहाटे ३:१०

पोळीभाजीवाली ताई, प्रतिसाद वाचून रडू आलं आणि भूकही लागली.

मी सहा वर्षं आयर्लंडमध्ये आहे. दादा, परीक्षा सुटेलच. पुढचं सांगते. इकडचं इंग्रजी परीक्षेतलं नाही. कुणी 'हाउ आर यू' म्हणत समोरून गेलं तर ते थांबत नाहीत, उत्तर नकोच असतं त्यांना. मी पहिले पंधरा दिवस प्रत्येकाला सर्दीपासून सगळं सांगितलं. सगळं काही 'ग्रँड' असतं, म्हणजे भव्य नाही, फक्त ठीक. 'व्हॉट्स द क्रॅक' म्हणजे काय तुटलं असं विचारत नाहीत, काय चाललंय एवढंच. आणि कुणी 'आय विल, या' असं लांबवून म्हणालं तर पक्कं समजा, तो माणूस ते काम करणार नाही. घर बघायला बोलावणाऱ्या एका माणसाची मी त्या 'आय विल'वर तीन दिवस वाट बघितली.

सगळ्यात मजा वेळेची. 'हाफ फाइव्ह' म्हणजे साडेपाच. आपल्यासारखंच, पाच आणि वर अर्धा. पण शाळेत 'हाफ पास्ट' शिकलेलो ना, मला वाटलं पाचला अर्धा तास कमी. साडेचारला जाऊन थंडीत तासभर उभी.

बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायचं, सगळे म्हणतात. कॉलेज चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं, दुकानात मिळालं तर घ्यायला सांगा. महिनाभर काउंटरवर उभं राहिल्यावर जे कान तयार होतात ते कुठल्या गोष्टीने होणार नाहीत. माझं मत.

आखेनचा_पाहुणा | १३ जानेवारी, दुपारी १२:४०

@डब्लिनची_बडोदेकरीण, माझं उलटं. जर्मनीत 'हाल्ब जेक्स', म्हणजे शब्दशः अर्धे सहा. आपण सहाच्या वर अर्धा धरून साडेसहाला पोचलो, तर प्रोफेसर साडेपाचपासून वाट बघत बसलेले. जर्मन माणसाला तासभर थांबवलं की काय होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवापुरा_७१ | १३ जानेवारी, संध्याकाळी ५:००

परदेशी शिक्षणाचा विषय आणि बडोदं, मग थोडं अवांतर होणारच.

सयाजीराव महाराज १८७५ साली दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे. नाशिककडच्या कवळाण्याचं शेतकऱ्याचं पोर, अक्षरओळख नाही. मराठी, गुजराती, इंग्रजी सगळं इथे येऊन शिकले. पुढे १९१३ साली डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला जायला बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाली, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं.

आणि श्री अरविंद. सातव्या वर्षी विलायतेला गेले, १८९३ला बडोद्यात आले ते इंग्रजासारखं इंग्रजी घेऊन. कॉलेजात इंग्रजी आणि फ्रेंच शिकवायचे. पण बंगाली धड येत नव्हतं! बंगाली माणूस स्वतःची मातृभाषा बडोद्यात बसून शिकला, शिक्षक ठेवून आणि बंगाली साहित्य वाचून. म्हणजे साडूंचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही.

शांत_वाचक | १३ जानेवारी, संध्याकाळी ६:२५

शिष्यवृत्तीचं सांगितलंत तर पुढचंही सांगा. १९१७ला बाबासाहेब नोकरीसाठी परत आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून राहावं लागलं. बडोद्याने शिष्यवृत्ती दिली, खोली दिली नाही.

नवापुरा_७१ | १३ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

खरं आहे. ते मी लिहायला हवं होतं.

विश्वामित्रीची_मगर | १३ जानेवारी, रात्री ८:००

काकांनी साडेपाच गुणांबद्दल विचारलं होतं, धागा १८७५ला पोचला. काका आहेत का?

दांडियाबाजार | १३ जानेवारी, रात्री १०:१५

आहे, आहे. सगळं वाचतोय. कॉलेजचं उत्तर आलं, एका भागाची फेरपरीक्षा ते धरतात. २० फेब्रुवारीची तारीख घेतली. क्लास तीन महिन्यांचा नाही घेतला, हरणी रोड म्हणतात तसे फक्त मॉक टेस्टचे पैसे भरले.

मास्तर, तुमची रीत आजपासून सुरू. चार मिनिटं आईला (माझ्या), तीन मला, दोन शेजारच्या पटेलकाकांना. आईला इंग्रजी येत नाही, तरी चालेल ना?

मास्तर_निवृत्त | १४ जानेवारी, सकाळी ६:०५

चालेल नाही, धावेल. गोष्ट आजीच्या ओळखीची असली म्हणजे झालं. उत्तरायणाच्या शुभेच्छा. पतंग उडवताना तोंड इंग्रजीत चालू द्या.

पोळीभाजीवाली | १४ जानेवारी, रात्री ९:१०

आजींना फक्त 'अँड देन' शिकवा.

लक्ष्मीपुरा_लेन | २ फेब्रुवारी, दुपारी ३:३०

धागा उशिरा वाचला. प्रवासाबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही म्हणून लिहितो. इंग्रजीसाठी परदेशीच जायला हवं असं नाही. आम्ही गाडीने एर्नाकुलमला गेलो होतो. गुजरातेत गुजराती, रत्नागिरीपर्यंत मराठी, पुढे हिंदीही पातळ होत गेली. केरळात रिक्षावाल्याशी इंग्रजीत बोलावं लागलं. तोही तोडकं, मीही तोडकं, पण घासाघीस झाली आणि वीस रुपये कमी झाले. इंग्रजीत जिंकलेला माझ्या आयुष्यातला पहिला वाद. इथे तेच वाक्य बोलायची हिंमत होत नाही, कारण इथे शेजारी ओळखीचा असतो.

दांडियाबाजार | ३ मार्च, रात्री ९:४५

निकाल. स्पीकिंग ६.

बरोबर सहा, अर्धाही वर नाही. पण हवे होते तेवढे आले.

कसं झालं ते सांगायलाच हवं. पहिले चार दिवस रडारड. चिऊचं घरसुद्धा दीड मिनिटात संपायचं. आई म्हणायची, 'अगं, काजळ कुठे गेलं? आंघोळ घातली का बाळाला?' इंग्रजी कळत नसलं तरी काहीतरी गाळलंय हे तिला बरोबर कळायचं. मग पटेलकाका. ते गुजरातीत विचारायचे, 'पछी?' आणि ही इंग्रजीत सांगायची. तिसऱ्या आठवड्यात लायब्ररीतल्या पुस्तकांतल्या गोष्टी सुरू झाल्या. हरणी रोड यांचंही ऐकलं, रोज तिसऱ्या भागाचे दोन प्रश्न. ते मात्र शेवटपर्यंत जडच गेले. परीक्षेत तिथेच अडखळली म्हणते.

परीक्षेत कार्ड काय आलं माहितीय? लहानपणी ऐकलेली एखादी गोष्ट. शपथेवर सांगतो. मगर हसणार हे माहीत आहे.

विश्वामित्रीची_मगर | ३ मार्च, रात्री ९:५२

नाही हसत. चिऊ की भोपळा तेवढं सांगा.

दांडियाबाजार | ३ मार्च, रात्री ९:५५

भोपळा. टुणूक टुणूकला परीक्षक हसला म्हणे.

हरणी_रोड | ३ मार्च, रात्री १०:२०

अभिनंदन! पण प्रामाणिकपणे सांगा, मॉक टेस्टचा उपयोग झाला ना? आणि त्या कार्डात नशिबाचाही वाटा आहे, पुढच्या वाचकांनी फक्त भोपळ्यावर विसंबू नये.

दांडियाबाजार | ३ मार्च, रात्री १०:३०

झाला. तिसऱ्या मॉकनंतर घाम फुटायचा थांबला. श्रेय वाटून देतो, भांडू नका.

टुणूक_टुणूक | ११ ऑक्टोबर, रात्री १:३०

नमस्कार, मी या धाग्यातली मुलगी. बाबांनी लिंक दिली, आज पहिल्यांदा पूर्ण वाचला. कॉर्कला येऊन पाच आठवडे झाले.

काही दुरुस्त्या. एक, आजी अर्ध्या गोष्टींत झोपायची. बाबांना ते दिसलं नाही कारण तिचं 'हं' झोपेतही चालू असतं. दोन, पावागढचं उत्तर वीस नाही, तीस सेकंदांचं होतं.

इकडचं म्हणाल तर डब्लिनच्या ताईंनी लिहिलेलं सगळं घडतंय. वर कॉर्कचे लोक गाण्यासारखं आणि भरभर बोलतात. पहिल्या आठवड्यात मी फक्त हसून मान हलवायचे आणि एकदा त्या मान हलवण्यात कुणाच्या तरी शिफ्टला हो म्हणून बसले. फोनवर तर अजून कळत नाही. माणूस समोर असला तर ओठांवरून अर्धं ओळखते, फोन वाजला की पोटात गोळा येतो. यावर कुणाकडे काही उपाय असेल तर लिहा, हे खरंच विचारतेय.

एक बरं झालं. आमच्या सेमिनारात प्रत्येकाने वाचलेला पेपर दोन मिनिटांत सांगायचा असतो. मी आदल्या रात्री तो रूममेट मुलीला चार मिनिटांत सांगते, ती केनियाची आहे. मग भांडी घासताना दुसरीला तीन मिनिटांत. तिसरं कुणी नसतं, म्हणून आरशाला.

पोळीभाजीवाली | ११ ऑक्टोबर, सकाळी ७:४०

केनियाची! तिला विचार साबुदाणा खाल्लाय का.

मास्तर_निवृत्त | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:००

बाळा, फोनसाठी: रेडिओवरच्या बातम्या लाव आणि एका वाक्यामागे तेच वाक्य मोठ्याने म्हणत जा. अर्थ कळला नाही तरी सूर पकड. ओठ दिसत नसताना कानाला सूरच धरावा लागतो. रोज दहा मिनिटं, जास्त नको. आणि आजी झोपायच्या हे मला कळवलंस ते ठीक, त्यांना कळवू नकोस.

डब्लिनची_बडोदेकरीण | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:१५

फोनवर सरळ म्हण, 'सॉरी, लाइन खराब आहे, जरा सावकाश.' सहा वर्षं झाली, माझी लाइन अजून खराबच असते.

विश्वामित्रीची_मगर | ११ ऑक्टोबर, रात्री ९:००

आजींचा व्हिसा कधी? लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन...

दांडियाबाजार | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१०

वाचून दाखवलं. आई म्हणते, आधी तिकडे थंडी किती ते सांगा. आणि मी झोपत नव्हते.